फॉरवर्डचं मूळ कसं शोधायचं? पद्धती, साधनं आणि ती कुठे फसतात

उगमशोधक

छापील बातमी हातात यायची तेव्हा तिची कुंडली तिच्यासोबत असायची: वर्तमानपत्राचं नाव, तारीख, गाव, वार्ताहर. व्हॉट्सॲपवर तीच बातमी फिरायला लागली की पहिल्या दोन-तीन उड्यांतच ही कुंडली गळून पडते. उरतो नुसता मजकूर आणि वर पाठवणाऱ्याचं ओळखीचं नाव. विश्वास बसतो तो त्या नावामुळे, आणि मजकुराबद्दल त्या माणसाला आपल्यापेक्षा काडीचंही जास्त ठाऊक नसतं. सोशल मीडियाने बातमीत घडवलेला सगळ्यात मोठा बदल माझ्या मते हाच. वेग वगैरे त्यानंतर.

म्हणून या धाग्यात एकच काम करूया. खरं की खोटं यावर वाद घालण्याआधी मूळ कुठलं ते कसं काढायचं, एवढंच. ज्याला जी पद्धत नीट येते ती त्याने पायऱ्यांसकट लिहावी आणि ती कुठे दगा देते तेही लिहावं.

सुरुवात बाणांपासून करतो. संदेशाच्या वर एक बाण दिसला तर पाठवणाऱ्याने तो स्वतः लिहिलेला नाही. दोन बाण दिसले तर मूळ पाठवणाऱ्यापासून निघून तो निदान पाच चॅटमधून उड्या मारत आला आहे. एका बाणाची खूण २०१८ मध्ये आली, दोन बाणांची २०१९ मध्ये. एका वेळी पाचच चॅटना पुढे पाठवता येण्याची मर्यादा जानेवारी २०१९ मध्ये जगभर लागू झाली. दोन बाणवाला संदेश एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच चॅटला जातो. कंपनीने दिलेल्या आकड्यांनुसार पहिल्या मर्यादेने एकूण फॉरवर्ड २५ टक्क्यांनी घटले आणि दुसरीने दोन बाणवाले संदेश ७० टक्क्यांनी.

आता फसते कुठे ते. मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की बाण गायब. फोटोचा स्क्रीनशॉट काढून पाठवला तरी गायब. शिवाय मर्यादा एका वेळेपुरती आहे, तेच काम पुन्हा पुन्हा करायला कुणी अडवत नाही. तेव्हा बाण दिसला तर सावध व्हायचं, पण दिसला नाही म्हणून निर्धास्त राहायचं नाही.

सावलीकाठी

उत्तम धागा. फोटोचं मी लिहितो.

उलट शोध, म्हणजे फोटो देऊन तोच फोटो आधी कुठे येऊन गेला ते शोधणं, बहुतेकांना माहीत असतो. पण करताना एक पायरी राहून जाते: कातरणं. आलेल्या चित्रावर बहुधा लाल अक्षरांत काहीतरी लिहिलेलं असतं, खाली कुठल्यातरी पेजचं चिन्ह असतं, स्क्रीनशॉट असेल तर वर बॅटरी आणि घड्याळाची पट्टी असते. हे सगळं शोधयंत्राच्या दृष्टीने चित्राचाच भाग. आधी ते कापून टाका. मग पूर्ण चित्र एकदा शोधा आणि त्यानंतर त्यातली एकच ठळक वस्तू (इमारत, पाटी, वाहन) कापून पुन्हा शोधा. पूर्ण चित्राला काही सापडत नाही आणि नुसत्या इमारतीला लगेच सापडतं, असं वारंवार होतं.

साधन एकच वापरू नका. गूगल लेन्स 'यासारखं दिसणारं' दाखवण्यात रमतं, त्यामुळे त्यात हुबेहूब जुळणाऱ्या चित्रांचा पर्याय निवडायचा. यांडेक्स चेहरे आणि इमारती चांगल्या ओळखतं. टिनआयचा साठा लहान आहे, पण निकाल 'सर्वात जुना आधी' असे लावता येतात, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं. मात्र टिनआय दाखवतं ती तारीख त्याच्या यंत्रणेला ते चित्र पहिल्यांदा सापडलं त्या दिवसाची असते. फोटो त्याहून जुना असू शकतो, नवा असू शकत नाही.

कशातच काही सापडलं नाही तर चित्र आडवं उलटवून, आरशात दिसतं तसं करून शोधा. ओळखू येऊ नये म्हणून उलटवलेली चित्रं भरपूर फिरतात. पाट्यांवरची अक्षरं, शर्टाच्या बटणपट्टीची बाजू, गाडीच्या स्टिअरिंगची बाजू यावरून उलटवलेलं चित्र कळतं.

नमुन्यादाखल एक चित्र घेऊ: पुराच्या पाण्यात बुडालेला महामार्ग, गाडीच्या खिडकीतून काढलेला फोटो आणि शेजारून पोहत जाणारा शार्क. हे २०११ मध्ये आयरीन चक्रीवादळाच्या वेळी प्वेर्तो रिकोचं म्हणून फिरलं. २०१७ मध्ये हार्वे वादळात तेच ह्यूस्टनचं झालं. नंतरच्या वादळांतही ते गाव बदलून येतच राहिलं. त्यातला शार्क 'आफ्रिका जिओग्राफिक' मासिकात २००५ मध्ये छापून आलेल्या फोटोतून उचललेला आहे. त्या फोटोत तो एका कयाकच्या, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीच्या, मागे पोहतो आहे. नुसता शार्क कापून शोधला तर कयाकवाला फोटो समोर येतो. पूर्ण चित्र शोधलं तर वादळाच्या फॉरवर्डांचाच ढीग हाती लागतो. कातरण्याचा आग्रह धरतो तो यासाठी.

निळीशाई

वाचनखूण साठवली. एक प्रश्न: फोटोच्या फाइलमध्येच तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल, कधीकधी ठिकाणसुद्धा नोंदलेलं असतं ना? मग एवढा खटाटोप कशाला, सरळ तेच का बघू नये?

तळटीप

निळीशाई, ती नोंद म्हणजे एक्झिफ. मूळ फाइल हाती असेल तर सोनंच. पण व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की चित्र दाबून लहान होतं आणि ही नोंद पुसली जाते. फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स (पूर्वीचं ट्विटर) हेदेखील लोकांना दिसणाऱ्या प्रतीतून ती काढून टाकतात. ज्याने फोटो स्वतः काढला असं म्हणतो त्याच्याकडून 'डॉक्युमेंट' म्हणून मागवला, तर फाइल जशीच्या तशी येते आणि नोंद शाबूत राहते. ती मागितल्यावर समोरचा टाळाटाळ करू लागला तर फोटो त्याने काढलेला नसावा, हा अंदाज बहुतेकदा बरोबर निघतो.

दोन इशारे. एक्झिफमधली तारीख कॅमेऱ्याच्या घड्याळावरून येते, घड्याळ चुकीचं तर तारीख चुकीची. आणि ही नोंद कोणत्याही साध्या प्रोग्रॅमने बदलता येते.

अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपच्या फोटोच्या फाइलनावात आठ आकड्यांची तारीख आणि पुढे 'डब्ल्यूए' असतं. ती तारीख पाहून 'फोटो कालचाच आहे' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. फाइल त्या फोनवर कोणत्या दिवशी आली, एवढंच ती सांगते. फोटो दहा वर्षांपूर्वीचा असला तरी तारीख कालचीच पडेल.

बोरूबहाद्दर

स्क्रीनशॉटबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. एखाद्या नेत्याच्या, संस्थेच्या किंवा वर्तमानपत्राच्या पोस्टचा स्क्रीनशॉट हा पुरावा धरूच नये. संगणकावरच्या बहुतेक ब्राउझरमध्ये शब्दावर उजवं बटण दाबून 'इन्स्पेक्ट' निवडलं की पानावरचा मजकूर हवा तसा बदलता येतो. अक्षराचा घाट, निळी खूण, आवडीचे आकडे सगळं खऱ्यासारखंच राहतं, कारण पान खरंच असतं. याला चित्र जुळवण्याचं कसब लागत नाही आणि अर्ध्या मिनिटात काम होतं. म्हणून दुवा मागा. दुवा नसेल तर त्या खात्यावर जाऊन शोधा.

एक्सच्या दुव्यात एक फार उपयोगी गोष्ट दडलेली आहे. दुव्याच्या शेवटी जो लांबलचक आकडा असतो, त्यातच पोस्टची वेळ मिलिसेकंदापर्यंत कोरलेली असते. पोस्ट नंतर पुसली गेली, तरी कुणाकडे नुसता दुवा उरला असेल तर ती केव्हा टाकली हे काढता येतं. रीत अशी:

१. तो आकडा ४१९४३०४ ने भागा आणि दशांश सोडून द्या.
२. आलेल्या उत्तरात १२८८८३४९७४६५७ मिळवा.
३. ही बेरीज म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद, जागतिक प्रमाणवेळेनुसार.

करून बघू. आकडा घ्या १६६०४३५३०१७९०६४६२७२. पहिल्या पायरीनंतर ३९५८७८६२५३४३. दुसऱ्या पायरीनंतर १६८४७१३६०००००. म्हणजे २२ मे २०२३, प्रमाणवेळेनुसार रात्रीचे बरोबर बारा. (हा आकडा कुठल्या पोस्टचा नाही, त्या दिवसाच्या पहिल्या क्षणावरून उलट काढलेला आहे.)

एक्सेलसारख्या तक्त्यात करायचं असेल तर दुसऱ्या पायरीच्या उत्तराला ८६४००००० ने भागा, त्यात २५५६९ मिळवा आणि त्या खान्याचं स्वरूप 'तारीख-वेळ' ठेवा. एक्सेल १५ च आकडे जपतं आणि शेवटच्या चारांची शून्यं करतं. घाबरू नका, त्याने फार तर एका मिलिसेकंदाचा फरक पडतो. ही रीत नोव्हेंबर २०१० नंतरच्या पोस्टनाच लागू आहे, त्याआधी आकडे साध्या क्रमाने दिले जायचे. आणि आपल्या घड्याळाचा फरक शेवटी मिळवायला विसरू नका. अर्धे वाद तिथेच होतात: 'घटनेच्या आधीच पोस्ट कशी पडली?' असं विचारणाऱ्याने बहुधा दोन वेगळ्या प्रमाणवेळा एकमेकींशी ताडलेल्या असतात.

निळीशाई

बोरूबहाद्दर, कमाल! आणि निळ्या खुणेचं काय? ती असली तर खातं खरं मानायचं का?

बोरूबहाद्दर

नाही. एक्सवर नोव्हेंबर २०२२ पासून ती खूण पैसे भरून मिळते, आणि ओळख तपासून दिलेल्या जुन्या खुणा एप्रिल २०२३ मध्ये काढून टाकल्या गेल्या. वर मुद्दाम २२ मे २०२३ ही तारीख घेतली ती याच कारणाने. त्या दिवशी अमेरिकेच्या पेंटागॉनजवळ स्फोट झाल्याचं बनावट चित्र फिरलं. ते पसरवणाऱ्या खात्यांपैकी एकाचं नाव प्रसिद्ध वृत्तसंस्थेसारखं होतं आणि त्याला निळी खूणही होती. शेअर बाजार थोडा वेळ घसरला, तिथल्या अग्निशमन दलाने इन्कार केला आणि बाजार सावरला.

सावलीकाठी

त्या पेंटागॉनच्या चित्रातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. कुंपण आणि पदपथ एकमेकांत विरघळलेले, इमारतीच्या दर्शनी भागाची ठेवण प्रत्यक्षाशी न जुळणारी. पण दोष शोधत बसण्यापेक्षा एक सोपा प्रश्न जास्त उपयोगी: दुसरा कोन कुठे आहे? भर सकाळी, वर्दळीच्या ठिकाणी एवढा स्फोट झाला तर दहा मिनिटांत वीस जणांचे फोटो-व्हिडिओ यायला हवेत, वेगवेगळ्या बाजूंनी, धूर कमी-जास्त असलेले. मोठी घटना आणि फोटो एकच, असं दिसलं की हात आखडता घ्यावा.

सहा बोटं, वेडेवाकडे कान या खुणांवर विसंबू नका. चित्रं बनवणारी यंत्रं दर काही महिन्यांनी सुधारतात आणि जुन्या खुणा निकामी होतात. 'हे एआयने बनवलंय का' ते सांगणारी संकेतस्थळंही दाबून लहान केलेल्या चित्रावर वाटेल ते टक्के दाखवतात. चित्राच्या फाइलमध्येच त्याची वंशावळ सहीसकट ठेवण्याचं 'सीटूपीए' हे मानक २०२१ पासून विकसित होतं आहे. कल्पना चांगली आहे. पण स्क्रीनशॉट काढला की वंशावळ गेली, त्यामुळे ती नसणं हा खोटेपणाचा पुरावा होत नाही.

व्हिडिओची रीत तीच, फक्त आधी चौकटी (फ्रेम) काढायच्या. थांबवून चार-पाच ठिकाणचे स्क्रीनशॉट घ्या: जिथे पाटी वाचता येते, जिथे कॅमेरा वळून मोकळं दृश्य दिसतं, आणि सगळ्यात पहिली चौकट. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविराम या कळा दाबल्या की एकेक चौकट मागेपुढे सरकते. इनव्हिड-वीव्हेरिफाय नावाचं ब्राउझरचं जोडसाधन या चौकटी आपोआप काढून देतं.

युद्धाचा म्हणून आलेला व्हिडिओ रात्रीचा, धूसर, हलता आणि बिनआवाजाचा असेल तर तो संगणकीय खेळातला असू शकतो. 'आर्मा ३' या खेळातली दृश्यं इतकी वापरली गेली की तो बनवणाऱ्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये ती ओळखायची कशी याचं जाहीर निवेदनच काढलं. चालती-फिरती माणसं जवळपास दिसत नाहीत, ही त्यांनी दिलेली खूण मला सगळ्यात कामाची वाटते.

तळटीप

सावलीकाठी, तुमच्या नावाला साजेसं सावलीचं गणित राहिलं की!

सावलीकाठी

लिहितो. ठिकाण कळलं असेल आणि वेळ तपासायची असेल तेव्हाच ते वापरावं. सनकॅल्क या संकेतस्थळावर ठिकाण, तारीख आणि सांगितली जाणारी वेळ भरली की सूर्य कोणत्या दिशेला आणि क्षितिजापासून किती अंशांवर होता ते मिळतं. सावली सूर्याच्या बरोबर उलट दिशेला पडते. सूर्य ४५ अंशांवर असेल तर सावली वस्तूइतकीच लांब. ३० अंशांवर असेल तर १.७ मीटर उंचीच्या माणसाची सावली जवळपास २.९ मीटर. 'भारतातला, दुपारी बाराचा' म्हणून आलेल्या फोटोत सावल्या माणसांच्या दुपटीने लांब असतील तर वेळ तरी चुकीची, नाहीतर ठिकाण तरी. उताराची जमीन आणि रुंद कोनाची भिंगं मात्र लांबी फसवतात, त्यामुळे लांबीपेक्षा दिशेवर भर द्या.

कानोसा

आवाजी संदेशांचं काय? माझ्या मते सध्या सगळ्यात अवघड प्रकार तोच आहे. चित्रासारखा आवाजाचा उलट शोध सामान्य माणसाच्या हाती नाही. चालतं ते एवढंच: ऐकून मजकूर लिहून काढा. त्यातले सलग सहा ते आठ शब्द, जे दुसरीकडे सहसा त्याच क्रमाने येणार नाहीत असे, अवतरणचिन्हांत टाकून शोधा. तपासणाऱ्या संस्था असे संदेश शब्दशः उतरवून ठेवतात, त्यामुळे जुना असेल तर सापडतो. शोधाच्या साधनांमध्ये कालावधी ठरवून देता येतो, तो आजच्या आधीचा ठेवा.

ऐकताना काय नाही ते टिपा. 'उद्यापासून' आहे पण आज तारीख काय ते नाही. 'आमच्या मोठ्या साहेबांनी' आहे पण साहेबांचं नाव नाही, हुद्दा नाही. ज्या संदेशाला तारीख नाही तो कधीच शिळा होत नाही, म्हणूनच तो वर्षानुवर्षं फिरू शकतो.

ओळखीच्या आवाजात पैशांची मागणी आली तर आवाजावरून खात्री करायचे दिवस गेले. थोड्याशा नमुन्यावरून आवाजाची नक्कल होते. फोन ठेवा आणि आपल्याकडे आधीपासून जपलेल्या नंबरावर स्वतः लावा. आलेल्या नंबरावर उलट फोन करणं ही खात्री नव्हे.

मंदगती

सगळ्या पद्धती मोलाच्या आहेत, पण दिवसाला दोनशे संदेश येणाऱ्या माणसाने कशाकशाला लावायच्या? माझी चाळणी अशी. मी हे पुढे पाठवणार आहे का, किंवा यावरून काही करणार आहे का (पैसे, औषध, प्रवास)? दोन्हींना 'नाही' असेल तर तपासत नाही आणि पाठवतही नाही. एखाद्याला 'हो' असेल तर आधी थांबतो.

थांबण्याला आधार आहे. 'सायन्स' नियतकालिकात २०१८ मध्ये आलेल्या एमआयटीच्या अभ्यासात २००६ ते २०१७ मधल्या ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० बातमी-साखळ्या तपासल्या होत्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता ७० टक्के जास्त निघाली, आणि १५०० लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला सुमारे सहापट वेळ लागला. यंत्रखाती (बॉट) बाजूला काढली तरी निष्कर्ष तोच राहिला, म्हणजे पसरवणारी माणसंच होती. खोट्यात नवलाई जास्त असते, हे अभ्यासकांनी सुचवलेलं कारण. तेव्हा एखादी गोष्ट वाचून 'अरेच्चा!' आलं की तोच थांबायचा इशारा समजावा.

निळीशाई

आणि घरच्या गटावर काकांनी चुकीचं काही टाकलं तर? गटावर सांगायचं की वेगळं?

मंदगती

वेगळं. चारचौघांत चूक दाखवली की माणूस चुकीचीच बाजू घट्ट धरून बसतो. काकांना स्वतंत्र संदेश करा, मूळ दुवा द्या, आणि त्यांनाच गटावर दुरुस्ती टाकायची विनंती करा.

तळटीप

मंदगती, इथे थोडी असहमती. काकांचा मान राखायचा हे बरोबर, पण गटावर आणखी पन्नास जणांनी तो संदेश वाचलेला असतो आणि त्यातले काही तो पुढे पाठवत असतात. दुरुस्ती तिथेच लागते, आणि लवकर लागते. मूळ संदेश 'सगळ्यांसाठी डिलीट' केला तरी पुढे गेलेल्या प्रती तशाच राहतात.

शब्द कसे वापरायचे यावर मात्र मेहनत घ्यावी. खोटं वाक्य पुन्हा लिहून 'हे खोटं आहे' म्हणू नका. पुन्हा पुन्हा कानावर पडलेलं वाक्य खरं वाटू लागतं, हे १९७७ मधल्या प्रयोगांपासून मानसशास्त्राला माहीत आहे. क्रम असा ठेवा: आधी खरं काय ते एका वाक्यात, मग फिरणाऱ्या संदेशाचा ओझरता उल्लेख, मग तो चुकीचा कसा झाला ते, आणि शेवटी पुन्हा खरं. उदाहरणार्थ: 'काका, हा फोटो २००५ च्या मासिकातल्या शार्कवरून जुळवलेला आहे. आत्ताच्या पुराचा म्हणून फिरतोय तो तोच. शार्क कापून शोधला की मूळ सापडतं, दुवा खाली देते. रस्त्यावर पाणी आहे हे खरं, शार्क नाही.' यात कुणावर ठपका नाही आणि काका पुढच्या वेळी स्वतः शोधू शकतील.

मंदगती

हा नमुना पटला. काकांना एक मिनिट आधी वेगळं कळवून मग गटावर टाकलं तर दोन्ही साधतं.

उगमशोधक

सगळ्यांचे आभार. एकच गोष्ट भर घालतो. मूळ सापडलं की लगेच जपून ठेवा, कारण गवगवा झाल्यावर पहिली पुसली जाते ती मूळ पोस्ट. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर 'सेव्ह पेज नाऊ' या खिडकीत दुवा चिकटवा. मिनिटभरात त्या पानाची तारीख-वेळेसह प्रत तयार होते आणि तिचा स्वतंत्र दुवा मिळतो. लॉगिन मागणारी पानं, म्हणजे बरंचसं फेसबुक आणि इन्स्टाग्राम, तिथे नीट साठत नाहीत. प्रत उघडून पाहा, नुसती लॉगिनची चौकट दिसली तर ती निरुपयोगी. तेव्हा स्क्रीनशॉटच घ्यावा लागतो. तो घेताना पूर्ण दुवा दिसेल अशी वरची पट्टी आणि संगणकाचं घड्याळ दोन्ही चौकटीत घ्या, आणि फाइलच्या नावात तारीख, वेळ व प्रमाणवेळ लिहा. बोरूबहाद्दर यांनी वर म्हटल्याप्रमाणे असा स्क्रीनशॉट दुसऱ्याला पुरावा म्हणून पुरत नाही, म्हणून शक्य असेल तर आणखी एकाला त्याच वेळी तोच दुवा उघडून स्वतःची प्रत काढायला सांगा.